जॉर्जियातलं अथेन्स: टेकडी कोणाची, उतार कोणाचा

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे कॉलेजचं गाव नेमकं कसं आहे, त्याचा इतिहास-भूगोल काय, आणि तिथे शिकायला किंवा राहायला जाणाऱ्यानं काय माहीत करून घ्यावं?

या प्रश्नाला बहुतेक वेळा तीनच गोष्टींचं उत्तर मिळतं: अमेरिकी फुटबॉल, आर.ई.एम. नावाचा बँड आणि 'गाव छान आहे'. तिन्ही खरं, पण एवढ्यानं गाव कळत नाही. अथेन्स समजून घ्यायचं तर आधी त्याचे चढउतार बघावेत. विद्यापीठ टेकडीवर बसलं, गिरण्या खाली नदीकाठी आल्या, आणि मधल्या उतारांवर कोण राहिलं व कोणाला तिथून उठवलं, यात गावाचा निम्मा इतिहास आला.

अथेन्स अटलांटाच्या ईशान्येला साधारण ११० किलोमीटरवर आहे. हा पीडमाँटचा पट्टा, म्हणजे अपलाचियन डोंगर आणि किनारपट्टीचं सपाट मैदान यांच्यामधला उंचसखल प्रदेश. उत्तरेकडून नॉर्थ ओकोनी आणि मिडल ओकोनी अशा दोन नद्या येतात, गावाच्या दोन बाजूंनी वाहतात आणि दक्षिणेला एकमेकींना मिळतात. पुढे ओकोनी ओकमल्गीला मिळून अल्टमाहा होते आणि डेरियनजवळ अटलांटिकला पोचते. दोन नद्यांच्या मधल्या धारेवर जुनं गाव आणि विद्यापीठ आहे. त्यामुळे नकाशात दोन इमारती शेजारी दिसल्या तरी प्रत्यक्षात मध्ये एक ओढा, एक उतार आणि दमवणारा चढ असतो. नवीन विद्यार्थी दोन तासांमधल्या मोकळ्या वेळेचा हिशेब नकाशावरून करतात आणि पहिल्या आठवड्यात घामाघूम होऊन वर्गात पोचतात.

माती लालभडक चिकणमाती. खालचे ग्रॅनाइट आणि नाईस जातीचे खडक लाखो वर्षं ऊन-पावसात कुजले, त्यातलं लोह गंजलं, त्याचा हा रंग. पाणी लवकर मुरत नाही, म्हणून जोराचा पाऊस झाला की ओढे तासाभरात चॉकलेटी होऊन फुगतात. मूळची वरची काळसर, सुपीक माती आता बऱ्याच ठिकाणी उरलेली नाही. शंभरएक वर्षं उतारांवर कापूस पिकवला, बांधबंदिस्ती जवळपास केली नाही, आणि ती माती ओकोनीतून वाहून गेली. आज त्याच जमिनींवर पाइनची राखलेली जंगलं आहेत. ती मूळची समजण्याची चूक बरेच पाहुणे करतात. त्यातली पुष्कळ जुन्या कापसाच्या शेतांवर उगवलेली आहेत.

आता विद्यापीठ. १७८३ च्या ऑगस्टा इथल्या करारानं चेरोकी आणि क्रीक लोकांचा या भागातला मुलूख जॉर्जियाच्या हाती आला. करारावर क्रीकांच्या मोजक्याच सरदारांच्या सह्या होत्या आणि बाकीच्यांनी तो मानला नाही, त्यामुळे पुढची बरीच वर्षं सरहद्दीवर चकमकी चालू होत्या. १७८४ मध्ये विधिमंडळानं या नव्या मुलखातली ४० हजार एकर जमीन एका भावी 'सेमिनरी ऑफ लर्निंग'च्या नावे काढून ठेवली आणि २७ जानेवारी १७८५ ला सनद मंजूर केली. सनदेचा मसुदा येल विद्यापीठात शिकलेल्या एब्राहम बॉल्डविनचा. अमेरिकेत राज्य सरकारनं सनद दिलेलं हे पहिलं विद्यापीठ. नॉर्थ कॅरोलायनाचं विद्यापीठही पहिलेपणाचा दावा करतं, कारण तिथे १७९५ मध्येच वर्ग सुरू झाले. दोघांचंही बरोबर आहे: एकाकडे आधी कागद होता, दुसऱ्याकडे आधी विद्यार्थी. तरी हा वाद दोन्ही गावांत मोठ्या हिरिरीनं घातला जातो.

सनदेनंतर सोळा वर्षं काहीच झालं नाही. १८०१ मध्ये विश्वस्तांची समिती जागा शोधत सीडर शोल्सला आली. इथे ओकोनी खडकांवरून उथळ, खळाळत वाहते, आणि डॅनिएल ईझली नावाच्या माणसाची तिथे गिरणी होती. त्याच्याकडून समितीतल्या जॉन मिलेजनं नदीवरच्या टेकडीची ६३३ एकर जमीन स्वतःच्या पैशानं घेतली आणि विद्यापीठाला दिली. टेकडीला नाव दिलं अथेन्स. त्याच वर्षी जोसाया मेग्ज या येलच्याच प्राध्यापकानं शिकवायला सुरुवात केली. पहिली पक्की इमारत, आजचं ओल्ड कॉलेज, १८०६ मध्ये पुरी झाली. ती येलच्या कनेक्टिकट हॉलवर बेतलेली आहे. जमिनीतले काही तुकडे प्लॉट पाडून विकले, त्यातून विद्यापीठाला पैसा मिळाला आणि त्या प्लॉटवर गाव वसलं. डिसेंबर १८०६ मध्ये गावाला रीतसर दर्जा मिळाला. म्हणजे अथेन्सच्या बाबतीत आधी विद्यापीठ, मग गाव. आणि गावाची पहिली जमीन विद्यापीठानंच विकलेली. नगरपालिका आणि विद्यापीठ यांच्यातल्या आजच्या कुरबुरींचं मूळ शोधायचं तर इथपर्यंत मागे जावं लागतं.

ब्रॉड स्ट्रीटवर, कॉलेज अव्हेन्यूच्या टोकाला, विद्यापीठाचं प्रसिद्ध प्रवेशद्वार आहे. त्याला नुसतं 'आर्च' म्हणतात. १८५० च्या दशकात विद्यापीठानं आपली जुनी वनस्पतिबाग विकली आणि त्या पैशात आवाराला लोखंडी कुंपण घातलं. आर्च त्या कुंपणाचा भाग. जॉर्जियाच्या राजमुद्रेवर असते तशीच तिची रचना, तीन खांबांची: विवेक, न्याय आणि संयम. पदवी मिळेपर्यंत विद्यार्थ्यानं तिच्याखालून जायचं नाही, बाजूनं जायचं, असा संकेत आहे. शेवटच्या वर्षाच्या परीक्षांनंतर झगा घालून तिच्याखाली फोटो काढायला रांग लागते. पर्यटकांनी खालून जायला कोणाची हरकत नसते.

आर्चमागचा नॉर्थ कॅम्पस हा गावातला सगळ्यात जुना आणि देखणा भाग. १८२४ चा डेमोस्थेनियन हॉल अजून वादविवाद मंडळाच्याच ताब्यात आहे. मंडळ तर १८०३ चं. १८३२ च्या चॅपेलमध्ये जॉर्ज कुकनं रंगवलेलं रोमच्या सेंट पीटर्स चर्चचं अंतरंग मागची जवळजवळ सगळी भिंत व्यापतं. या सौंदर्याची दुसरी बाजू म्हणजे इथली जुनी बांधकामं आणि रोजची झाडलोट, स्वयंपाकपाणी यांत गुलामांचे श्रम आहेत. १८६० मध्ये अथेन्स ज्यात येतं त्या क्लार्क काउंटीची निम्मी लोकसंख्या गुलामगिरीत होती. २०१५ मध्ये जॅक्सन स्ट्रीटवरच्या बॉल्डविन हॉलचं विस्ताराचं काम काढलं, तेव्हा खोदाईत थडगी लागली. शंभराहून जास्त. गावाची जुनी दफनभूमी तिथपर्यंत पसरलेली होती. ज्यांच्या अवशेषांची जनुकीय तपासणी करता आली त्यांतले बहुतेक आईकडून आफ्रिकी वंशाचे निघाले. मार्च २०१७ मध्ये ते अवशेष स्टेडियमपलीकडच्या ओकोनी हिल दफनभूमीत पुन्हा पुरले. गावातल्या कृष्णवर्णीय समाजाची तक्रार अशी की हे सगळं आम्हाला न विचारता उरकलं. आणि ती तक्रार अजून जिवंत आहे.

खाली नदीकाठी दुसरं अथेन्स होतं. १८२९ पासून इथे पाण्याच्या जोरावर कापसाच्या गिरण्या निघाल्या आणि गावाला दक्षिणेचं मँचेस्टर म्हणू लागले. १८३३ मध्ये इथल्याच धनिकांनी जॉर्जिया रेलरोड कंपनी काढली. १८४१ मध्ये ऑगस्टाकडून रूळ आले खरे, पण नदीच्या पूर्वेला कार्स हिलवर येऊन थांबले, आणि पुढे बरीच वर्षं माल व माणसं गाड्यांतून नदी ओलांडून चढ चढत गावात येत. यादवी युद्धात कुक बंधूंनी न्यू ऑर्लिन्सहून आपला बंदुकांचा कारखाना १८६२ मध्ये इथे हलवला. याच युद्धानं अमेरिकी कापूस अडकून पडला आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा इकडे शेअरबाजार कोसळला. अथेन्सच्या गिरणीवाल्यांचं नशीब आणि मुंबईच्या सट्टेवाल्यांचं नशीब ही एकाच धाग्याची दोन टोकं होती.

त्या युद्धाचं गावातलं सगळ्यात मजेशीर अपत्य सिटी हॉलच्या हिरवळीवर उभं आहे: दुनळी तोफ. जॉन गिलेलँडच्या कल्पनेनुसार दोन नळ्यांतून साखळीनं जोडलेले दोन गोळे एकदम सुटायचे आणि समोरची फौज गवतासारखी कापायची. चाचणीत दोन्ही नळ्या एकाच क्षणी पेटेनात. एक गोळा क्षणभर आधी निघाला की साखळी हिसका देणार, गोळे गरगरत भलतीकडे जाणार आणि साखळी तुटणार. तसंच झालं. शत्रूवर ती त्या पद्धतीनं कधीच वापरली नाही. तिचं तोंड मात्र अजून उत्तरेकडेच आहे.

डाउनटाउनचा वॉशिंग्टन आणि हल स्ट्रीटचा चौक म्हणजे 'हॉट कॉर्नर'. वंशभेदाच्या कायद्यांच्या काळात कृष्णवर्णीयांचे दवाखाने, औषधांची दुकानं, केशकर्तनालयं इथे होती. मन्रो बावर्स मॉर्टन या कृष्णवर्णीय उद्योजकानं १९१० मध्ये बांधलेलं मॉर्टन थिएटर अजून चालू आहे. गावात एकच इमारत आतून बघायला वेळ असेल तर ही बघावी, स्टेडियम नव्हे.

विद्यापीठात मात्र कृष्णवर्णीयांना १९६१ पर्यंत प्रवेश नव्हता. ६ जानेवारी १९६१ ला न्यायाधीश विल्यम बूटल यांनी शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स यांना प्रवेश देण्याचा आदेश दिला. ९ तारखेला दोघं नाव नोंदवायला आली. ११ तारखेच्या रात्री बास्केटबॉलचा सामना सुटल्यावर जमावानं हंटरच्या वसतिगृहावर विटा आणि बाटल्या फेकल्या. पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. विद्यापीठानं दंगेखोरांऐवजी या दोघांनाच 'त्यांच्या सुरक्षेसाठी' निलंबित केलं, आणि कोर्टानं तो निर्णयही लगेच फिरवला. होम्स पुढे अस्थिशल्यचिकित्सक झाले, हंटर नामवंत पत्रकार. तरी विद्यापीठाची पहिली कृष्णवर्णीय पदवीधर या दोघांपैकी कोणी नाही. त्या मेरी फ्रान्सेस अर्ली, संगीतशिक्षणात १९६२ ची पदव्युत्तर पदवी. आर्चमागच्या मुख्य इमारतीला २००१ पासून होम्स आणि हंटर यांची नावं आहेत.

ही गोष्ट विद्यापीठ अभिमानानं सांगतं. त्याच वर्षांत शेजारीच घडलेली दुसरी गोष्ट सांगायला साठ वर्षं लागली. बॅक्स्टर स्ट्रीटच्या उतारावर लिननटाउन नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. सुमारे पन्नास कुटुंबं, बरीचशी स्वतःच्या मालकीच्या घरात. प्लंबर, गवंडी, स्वयंपाकीण, विद्यापीठातच झाडलोट करणारी माणसं. १९६२ ते १९६६ मध्ये नगरपालिका आणि विद्यापीठ यांनी केंद्र सरकारच्या 'अर्बन रिन्यूअल' योजनेखाली ती झोपडपट्टी ठरवली, तुटपुंजे पैसे हातावर ठेवले आणि पाडली. आज तिथे ब्रंबी, क्रेसवेल आणि रसेल ही पहिल्या वर्षाच्या मुलांची उंच वसतिगृहं आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये अथेन्स-क्लार्क काउंटीच्या कमिशननं आपला दोष कबूल करणारा ठराव केला. मुलाला ब्रंबीत खोली मिळाली असेल तर खिडकीतून दिसणारा उतार कोणाचा होता हे त्याला माहीत असावं.

अमेरिकी फुटबॉलचं मैदानही या भूगोलातूनच आलं. नॉर्थ आणि साउथ कॅम्पसच्या मधल्या घळीतून टॅनयार्ड क्रीक नावाचा ओढा वाहतो. त्याला काँक्रीटच्या बोगद्यात घातलं, दोन बाजूंच्या उतारांवर बाकं बसवली आणि सॅनफर्ड स्टेडियम तयार झालं. १२ ऑक्टोबर १९२९ ला उद्घाटनाच्या सामन्यात जॉर्जियानं येलला १५–० असं हरवलं. ज्या येलच्या माणसांनी विद्यापीठ उभं केलं, त्याच येलला पहिल्याच दिवशी धूळ चारली, याचं गावाला अजून कौतुक आहे. ओढा आजही मैदानाखालून वाहतो. आता तिथे सुमारे ९३ हजार प्रेक्षक बसतात. काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १ लाख २८ हजार होती, यावरून सामन्याच्या शनिवारी काय होत असेल ते समजावं. पूर्वेची बाजू पूर्वी उघडी होती आणि लोक रेल्वेच्या रुळांवर बसून फुकट सामना बघत. १९८१ च्या सुमारास ती बाजू बांधून काढली आणि रूळवाल्यांची सोय गेली.

मैदानाभोवती प्रिव्हेटचं कुंपण आहे, कमरेएवढं, बारीक पानांचं आणि सतत कातरलेलं. घरच्या सामन्याला 'कुंपणांच्या मध्ये' खेळणं म्हणतात ते यावरून. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचे अंतिम सामने इथे झाले. महिलांमध्ये अमेरिकेनं चीनला, पुरुषांमध्ये नायजेरियानं अर्जेंटिनाला हरवलं. त्या खेळाला मैदान रुंद लागतं, म्हणून जुनं कुंपण काढावं लागलं. आधीच त्याच्या फांद्या छाटून दुसरीकडे रोपं वाढवून ठेवली होती आणि ऑलिंपिकनंतर तीच परत लावली. कुंपणासाठी एवढी यातायात करणारं गाव हे, तेव्हा त्याची पानं आठवण म्हणून तोडायला जाऊ नये.

सामना बघायचा असो वा नसो, ऑगस्टमध्येच वेळापत्रक काढून घरच्या सामन्यांचे शनिवार कॅलेंडरवर खुणा करून ठेवावेत. वर्षाला सहा-सात असतात, सप्टेंबर ते नोव्हेंबर. त्या शनिवार-रविवारी हॉटेलचे दर दुप्पट-तिप्पट होतात आणि बहुतेक जण किमान दोन रात्रींचं बुकिंग मागतात. आईवडील भारतातून येणार असतील तर हे आठवडे टाळावेत. कॅम्पसमधल्या बऱ्याच पार्किंगमधून सामन्याआधी गाड्या हलवाव्या लागतात. परवाना आहे म्हणून गाडी तिथेच ठेवली तर सकाळी ती ओढून नेलेली असते, आणि सोडवायला खिशाला चांगलीच कात्री लागते. आत पारदर्शक पिशवीच चालते, जास्तीत जास्त १२ बाय १२ इंच आणि जाडी ६ इंच. पाठीवरची सॅक घेऊन गेलात तर दारातून परत. सप्टेंबरमधल्या दुपारच्या सामन्याला ऊन मुंबईच्या मे महिन्याची आठवण देणारं असतं, आणि उन्हानं चक्कर येऊन पडणारे बहुतेक रिकाम्या पोटी बिअर प्यालेले असतात.

संगीताबद्दल लोक म्हणतात, इथल्या पाण्यातच काहीतरी असावं. तसं काही नाही. कारणं साधी होती. विद्यापीठाचं कला महाविद्यालय मोठं होतं आणि त्यात विक्षिप्तपणाला मोकळीक होती. जुनी लाकडी घरं मोठ्या खोल्यांची आणि स्वस्त भाड्याची. अटलांटा इतकं जवळ की वाद्यं आणता येतील, इतकं दूर की शुक्रवारी रात्री करमणूक स्वतःच करावी लागे. बी-फिफ्टीटूज हा बँड १९७७ च्या व्हॅलेंटाइन डेला एका घरगुती पार्टीत पहिल्यांदा वाजला. वक्स्ट्री या रेकॉर्डच्या दुकानात, जे १९७६ पासून चालू आहे, काम करणारा पीटर बक आणि गिऱ्हाईक म्हणून येणारा कलाशाखेचा विद्यार्थी मायकल स्टाइप यांची गाठ पडली, आणि ५ एप्रिल १९८० ला ओकोनी स्ट्रीटवरच्या एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये आर.ई.एम. पहिल्यांदा वाजलं. त्या चर्चचा आता फक्त मनोरा उरलाय, भोवती सदनिका आहेत. फॉर्टी वॉट क्लबचं नाव पहिल्या जागेतल्या एकुलत्या चाळीस वॉटच्या दिव्यावरून पडलं.

१९८१ मध्ये गावाबाहेर जॉर्जिया स्क्वेअर मॉल झाला, डाउनटाउनची कपड्यांची आणि भांड्यांची मोठी दुकानं हळूहळू उठून गेली, आणि रिकाम्या गाळ्यांत बार आणि क्लब शिरले. म्हणजे ज्याला लोक अथेन्सचं सांस्कृतिक वैभव म्हणतात त्याचा पाया मंदीत आणि स्वस्त भाड्यात आहे. १९९३ मध्ये राज्यानं लॉटरीच्या पैशातून होप शिष्यवृत्ती काढली, चांगले गुण असलेल्या जॉर्जियातल्या मुलांची शिकवणी फी माफ झाली. हुशार आणि सुखवस्तू मुलं राज्याबाहेर जायची थांबली, प्रवेश अवघड झाला, आणि फीचे वाचलेले पैसे पालक घरभाड्यावर खर्च करू लागले. डाउनटाउनला पोहण्याच्या तलावासकट विद्यार्थ्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. आजचा होतकरू वादक नॉर्मलटाउन या वस्तीत किंवा काउंटीबाहेर राहतो. जॉर्जिया थिएटर हे संगीताचं सभागृह जून २००९ मध्ये जळालं आणि दोन वर्षांनी पुन्हा उभं राहिलं. क्लब चालू आहेत, पण थोडक्या पैशात घरी पार्टी देऊन बँड काढण्याचे दिवस गेले.

आता राहण्याचं. इथला भाडेकरार ऑगस्टपासून जुलैअखेरपर्यंत चालतो आणि पुढच्या वर्षीची चांगली घरं आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जातात. भारतातून येणाऱ्याला मार्च-एप्रिलमध्ये प्रवेशाचं पत्र मिळतं, तोवर उरतं ते एकतर महाग किंवा लांब. तरी घाबरून व्हिडिओवर बघून वर्षाचा करार करू नये. उन्हाळ्यात सोडून जाणाऱ्यांच्या खोल्या निघत राहतात. करार दोन प्रकारचे. एकात प्रत्येक जण आपल्या खोलीपुरताच जबाबदार. दुसऱ्यात चौघं मिळून सह्या करतात आणि एकानं पळ काढला तर त्याचं भाडं उरलेल्या तिघांच्या बोकांडी. विचारायचा पहिला प्रश्न हाच. दुसरा प्रश्न: जुना करार संपल्यापासून नवा सुरू होईपर्यंतच्या दिवसांत सामान कुठे ठेवायचं? ही फट पाच दिवसांचीही असू शकते आणि दोन आठवड्यांचीही. तिसरी गोष्ट म्हणजे, फक्त एका कुटुंबासाठी राखलेल्या निवासी भागांत नात्याबाहेरच्या दोघांपेक्षा जास्त जणांनी एका घरात राहू नये असा इथला जुना नियम. चार खोल्यांचं घर बघून चौघं राहायला गेली, करारावर दोनच नावं, शेजाऱ्यानं तक्रार केली, की नोटीस. मालक कानांवर हात ठेवतो. सही करण्याआधी त्या पत्त्याचं झोनिंग, म्हणजे तिथे कोणता वापर चालतो, ते काउंटीच्या कार्यालयाला विचारावं.

गाडीशिवाय जमतं का? एकट्या विद्यार्थ्याचं जमतं. विद्यापीठाच्या बस भरपूर आहेत आणि गावच्या बसला २०२० पासून तिकीट नाही. कुटुंबाचं जमत नाही: किराणा, दवाखाना, मुलांची शाळा एका मार्गावर येत नाहीत. गावाजवळून एकही आंतरराज्य महामार्ग जात नाही, हे मोठ्या अमेरिकी विद्यापीठाच्या गावासाठी विरळा. अटलांटाकडे जायला ३१६ नंबरचा रस्ता. तो पुढे महामार्गाला मिळेपर्यंत सिग्नल आणि कामं चालू असतात, म्हणून विमानतळासाठी दीड तासाचा हिशेब कागदावर ठीक, प्रत्यक्षात अडीच धरावेत. शटल गाड्या दिवसभर आहेत. अथेन्सच्या छोट्या विमानतळावरून प्रवासी विमानं सुटत नाहीत, पण त्याच्या नावाला मान आहे: बेन एप्स, ज्यानं १९०७ मध्ये इथे स्वतः बनवलेलं विमान उडवलं.

कोणता विषय शिकायला जावं, हेही इतिहासावर ठरतं. १९३० च्या दशकात राज्यानं अभियांत्रिकी अटलांटाच्या जॉर्जिया टेककडे सोपवली, त्यामुळे इथलं स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय थेट २०१२ चं. याउलट शेती, पशुवैद्यक, कुक्कुटपालन, पत्रकारिता, औषधनिर्माण आणि पर्यावरणशास्त्र जुनी आणि भक्कम. परिसंस्था हा घटक धरून पर्यावरणाचा अभ्यास करायची पद्धत रुजवणारे यूजीन ओडम इथलेच. कृषी विद्यापीठातून पीएचडीसाठी जाणाऱ्यांना अथेन्स हा टेकपेक्षा सरस पर्याय आहे. संगणकवाल्यांनी दोनदा विचार करावा.

हवामान सांगायचं तर जुलैत पारा ३२-३३ अंशांवर आणि दमट, हिवाळ्यात रात्री शून्याच्या आसपास. बर्फ क्वचित, पण पावसाचं पाणी रस्त्यावर गोठलं की सगळं गाव बंद. अशा दिवशी उत्तरेकडच्या लोकांचं 'आम्हाला सवय आहे' ऐकून गाडी काढू नये, इथे मीठ टाकणाऱ्या गाड्या मोजक्या आणि चढ पुष्कळ. मार्चअखेरीस पाइनचा पिवळा पराग गाड्या, खिडक्या, वाळत घातलेले कपडे सगळ्यावर बसतो. दम्याचं औषध त्याआधी घरात असावं. गवतावर बसण्याआधी लाल मातीचे छोटे ढिगारे बघावेत: त्या आगमुंग्या, पाय पडला की शेकड्यांनी चढतात आणि डंखाच्या जागी पुळ्या येतात.

शाकाहाऱ्यांसाठी एक खास सूचना. दक्षिणी खाणावळीत एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या असं ताट मिळतं, आणि नुसत्या भाज्यांचं ताटही. पण कॉलर्डची पालेभाजी, फरसबी, चवळी यांत बहुधा डुकराचं मांस घालून शिजवलेलं असतं, आणि वाढणारी बाई त्याला मांस समजत नाही. 'यात मांस आहे का' असं न विचारता 'कशात शिजवलंय' असं विचारावं. मक्याच्या लापशीसारखं ग्रिट्स लोणी-मीठ घालून चांगलं लागतं. रस्त्याकडेला मिळणारे मिठाच्या पाण्यात उकडलेले शेंगदाणे तर आपल्याकडच्यासारखेच. भारतीय किराण्याची मोठी दुकानं ग्विनेट काउंटीत, ३१६ वरूनच. चौघं मिळून महिन्यातून एकदा जाणं परवडतं.

गावात नवीन असताना डियरिंग आणि फिनली स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा ओक बघायला सगळे नेतातच. कर्नल विल्यम जॅक्सन यांनी झाडाला त्याचीच मालकी दिली, आणि भोवतालची आठ फूट जमीनही, अशी कथा. मूळ दस्त कोणी दाखवलेला नाही आणि कायद्यात झाड मालक होऊ शकत नाही, तरी कोणी हरकत घेत नाही. मूळ झाड १९४२ मध्ये पडलं. त्याच्याच बियांपासून वाढवलेलं रोप १९४६ मध्ये लावलं, ते आजचं. लिननटाउनच्या घरांचे दस्त मात्र रीतसर नोंदलेले होते.

शेवटचं, आणि पैशाचं: जुलैच्या शेवटच्या आठवड्यात करार संपतात आणि मुलं टेबलं, खुर्च्या, पुस्तकांची कपाटं, मायक्रोवेव्ह रस्त्याकडेला टाकून जातात. लाकडाचं आणि लोखंडाचं बिनधास्त उचलावं, रात्री पाऊस येण्याआधी. गादी आणि सोफा कितीही नवा दिसला तरी हात लावू नये. ढेकूण घरात शिरले की औषधफवारणीचा खर्च नव्या गादीच्या कितीतरी पट होतो.